उतरवलेली तार

वेब पिअर्स यांचं ‘स्लोली’ हे गाणं १९५३ च्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या कंट्री संगीतात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. चाल सरळ, शब्द सोपे, पिअर्स यांचा आवाज जरा नाकातून येणारा, टिपेला ताणलेला. गाणं चांगलंच आहे. पण माझ्यासारखे लोक ते पुन्हा पुन्हा लावतात ते बड आयझॅक्स यांच्या स्टील गिटारसाठी, आणि तिच्यातही काही मोजक्या क्षणांसाठी. तारा छेडून झालेल्या असतात. उजवा हात मोकळा होतो. डाव्या हातातला पोलादी बार तारांवर जिथे टेकला आहे तिथेच असतो. आता काही घडायचं उरलेलं नाही असं वाटत असताना वाजणाऱ्या तीन स्वरांपैकी दोन वर सरकू लागतात आणि तिसरा जागचा हलत नाही.

बार आहे तिथल्या मूळ स्वराला सा मानलं, तर आधी वाजत असतात सा, ग आणि प. मग गंधार चढून मध्यमावर जातो, पंचम चढून धैवतावर, आणि षड्ज ठाम. सा-ग-प चे सा-म-ध होतात. पहिल्या कॉर्डवरून चौथ्या कॉर्डवर जाणं ही कंट्री संगीतातली रोजची वाट. गिटारवाला आणि पियानोवाला दर दोन ओळींना ती चालतात. इथे मात्र ती वाट चालताना ऐकू येते. एक कॉर्ड थांबून दुसरी सुरू होत नाही, पहिलीतूनच दुसरी वर येते. ख्याल ऐकणाऱ्या कानाला याची गोडी चटकन कळेल. तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो आणि गवई गंधारावरून मध्यमावर मींडेने जातो, तेव्हा त्या मींडेची लांबी आपण न हलणाऱ्या षड्जावरूनच मोजतो. नुसता बार घसरवून हे साधत नाही. बार सरकला की सगळ्या तारांचे स्वर एकदमच सरकतात, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. आयझॅक्स यांनी ते अंतरच वाजतं केलं.

त्यासाठी त्यांनी केलं होतं ते इतकंच, की तारा वाजत असताना पेडल दाबलं. पेडल काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. गिब्सनची पेडलवाली इलेक्ट्राहार्प १९४० च्या सुमारास आली होती. पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट यांना पेडलची गिटार १९४८ मध्ये बांधून दिली होती. पण तोवर पेडलकडे पाहिलं जाई ते मुख्यतः खुंटीचा पर्याय म्हणून. एका ट्यूनिंगमधून दुसऱ्यात जायचं, तर खुंट्या पिळत बसण्यापेक्षा पायाने तारा ओढायच्या, नवी जुळणी बसली की मग वाजवायचं. मधली ओढाताण श्रोत्याने ऐकायची गोष्ट नव्हती. आयझॅक्स यांनी ती ऐकवली. ‘स्लोली’ गाजलं आणि कंट्रीतल्या स्टीलवादकांची पेडलसाठी धावाधाव सुरू झाली. आयझॅक्स यांचं एकच पेडल दोन्ही स्वर चढवत असे; पुढे जिमी डे आणि बडी एमन्स यांनी ते काम दोन पेडलांत वाटून दिलं, त्यामुळे गंधार आणि पंचम वेगवेगळे चढवता येऊ लागले. आजच्या दहा तारांच्या ‘ई नाइन्थ’ गिटारचा पाया हाच.

म्हणजे या वाद्यावर पायाची प्रत्येक हालचाल हे घटकाभराचं पुन्हा जुळवणंच असतं. आणि तरीही, तीन पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायच्या चार-पाच लिव्हर दिमतीला असताना, एखाद्या गाण्यापुरता वादक खुंटीकडे हात नेतो आणि एक तार उतरवतो. ती उतरवलेली तार मला फार मोलाची वाटते. यंत्राला जे सगळं येतं त्याच्या पलीकडचा एक स्वर त्या गाण्याने मागितला आणि वादकाने तो दिला, याची ती खूण असते.

हे वळण मुळात हवाई बेटांचं. तिथे एकोणिसाव्या शतकात गिटार पोचली तेव्हा लोकांनी तिच्या तारा आपल्या गाण्याला हव्या तशा सैल केल्या. घराघरांच्या आपापल्या जुळण्या होत्या आणि त्या बाहेरच्याला सांगायची पद्धत नव्हती. त्याच मातीत, शतक संपता संपता, जोसेफ केकुकू यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलाद फिरवण्याची रीत रूढ केली, आणि मग जुळणीवरच सगळा भार आला. उभ्या गिटारवर चार बोटं हव्या त्या पडद्यांवर ठेवून वाटेल ती कॉर्ड धरता येते. सरळ बार म्हणजे एकच ताठ बोट. तो कुठेही ठेवा, जुळवताना तारांमध्ये जी नाती ठरली तीच ऐकू येणार. बार तिरका धरून थोडी सुटका होते, फार नाही. खुंट्या पिळून झाल्या तेव्हाच त्या गाण्यात काय सहज येईल आणि काय येणारच नाही, हे बरंचसं ठरून गेलेलं असतं.

यावर कोणी एका गिटारला दोन, तीन, अगदी चार माना बसवून घेतल्या, प्रत्येक मान वेगळ्या जुळणीची. सोल होओपी यांनी सी शार्प मायनरची जुळणी हाताळली. हँक विल्यम्स यांच्या गाण्यांमागे डॉन हेल्म्स यांनी ई सिक्स्थमध्ये, पेडलाविना, वरच्या सप्तकात लखलखीत वाजवलं. मला स्वतःला जेरी बर्ड यांच्या हातची सी सिक्स्थ सर्वांत जवळची. सहा तारा, खालून वर सा, ग, प, ध, सां, गं. धैवत मिसळल्यामुळे या जुळणीला एक ऐसपैस, निवांत स्वभाव मिळतो; त्याच तारांत मेजरही असतो आणि मायनरही. उणीव एकच, पुढच्या कॉर्डकडे ढकलणारा ताण तिच्यात नाही. त्यासाठी सर्वांत खालची तार अर्ध्या स्वराने चढवायची. मंद्र षड्जाचा कोमल ऋषभ होतो आणि खालच्या चार तारा आता धैवताची सेव्हन्थ कॉर्ड बोलतात. सहापैकी पाच तारांना हातही लावलेला नाही. वरच्या तारांतला निवांतपणा तसाच आहे, पण आता त्याच्या तळाशी कुठेतरी निघायची घाई आहे. पेडल बर्ड यांनी कधी आपलंसं केलं नाही. १९७२ मध्ये ते हवाईला जाऊन राहिले आणि २००५ मध्ये गेले तेही तिथेच. त्यांची तबकडी ऐकताना मी नेहमी सगळ्यात खालच्या तारेकडे कान देतो. ती षड्जावर आहे की अर्ध्या स्वराने वर, यावर त्या गाण्याची सगळी प्रकृती अवलंबून असते.

खुंटी फिरताना ऐकू यावी ही कल्पना मात्र आयझॅक्स यांच्याही थोडी आधी, शेजारच्या वाद्यावर उतरली होती. अर्ल स्क्रग्ज यांनी १९५१ मध्ये ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ आणि पुढच्याच वर्षी ‘फ्लिंट हिल स्पेशल’ बँजोवर मुद्रित केलं. पाच तारांचा बँजो, मोकळ्या तारा छेडल्या तर सा-ग-प. ‘अर्ल्स ब्रेकडाउन’मध्ये दुसऱ्या, म्हणजे गंधाराच्या तारेची खुंटी वाजवता वाजवता सैल होते; गंधार ऋषभावर उतरतो आणि परत वर येतो. बँजोचा स्वर छेडल्याबरोबर विझू लागतो, स्टील गिटारसारखा रेंगाळत नाही. त्यामुळे ही उतरण क्षणार्धात आटपावी लागते, आणि खुंटी परत फिरवल्यावर गंधार नेमका आपल्या जागी यावा लागतो. कारण पुढचा तुकडा भरधाव येतच असतो, चुकलेली तार सावरायला तिथे श्वासाइतकीही जागा नसते.

‘फ्लिंट हिल स्पेशल’मध्ये ते आणखी पुढे जातात. तिथे दोन तारा उतरतात, गंधार ऋषभावर आणि षड्ज निषादावर. सा-ग-प होतं ते नि-रे-प झालं, म्हणजे पंचमाची कॉर्ड. आयझॅक्स यांच्या आणि स्क्रग्ज यांच्या रसात मला जो फरक जाणवतो तो इथे आहे. ‘स्लोली’त षड्ज राहतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाठ न करता वर जातात, म्हणून तिथे करुण शांत वाटतो. स्क्रग्ज यांच्याकडे षड्ज स्वतःच जागा सोडतो. ज्या स्वरावर आपण उभे आहोत तोच अर्ध्या स्वराने खाली घसरतो, क्षणभर पोटात गोळा येतो, आणि तो परत जागेवर आला की हसू फुटतं. हे दरवेळी बिनचूक व्हावं म्हणून त्यांनी बँजोच्या माथ्यावर कॅमच्या जादा खुंट्या बसवल्या होत्या, फिरवल्या की तार ठरलेल्या जागी जाणाऱ्या. पुढे बिल कीथ यांनी अशा खुंट्यांचं काम अधिक सुबक केलं.

आता पेडल स्टीलवरच्या एकाच तारेकडे जवळून पाहू. ई नाइन्थ गिटारवर तिसरी आणि सहावी या दोन्ही तारा गंधाराच्या, एकमेकींपासून सप्तकाच्या अंतरावर. चौथी षड्जाची, पाचवी पंचमाची. पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गंधाराला मध्यमावर. समजा एक गाणं मायनरमध्ये आहे, संथ, एकाच जागी रेंगाळणारं. मायनर कॉर्ड मिळवायला पेडल-लिव्हरच्या वाटा आहेत, पण त्यात पाय किंवा गुडघा अडकून पडतो, किंवा बार दुसऱ्या पडद्यावर न्यावा लागतो. त्याऐवजी गाण्याआधी गंधाराच्या तारा खुंटीने कोमल केल्या, तर काय होतं? हात-पाय सगळे मोकळे आणि कॉर्ड मायनर, हा झाला उघड लाभ. खरी गंमत पेडलांत आहे. दुसरं पेडल दाबलं की पूर्वी गंधाराचा मध्यम होई. आता कोमल गंधार शुद्ध गंधाराकडे निघतो. मायनर कॉर्ड वाजता वाजता मेजर होते. तोच पाय, तीच सवय, तेच पेडल, आणि अर्थ पार वेगळा. पहिलं पेडल एकटं दाबलं तर आता सा, कोमल ग आणि ध, एक अस्वस्थ, कुठेच न टेकणारी कॉर्ड. दोन्ही एकत्र दाबली तर धैवताची मायनर, जी एरवी एका पेडलात मिळत असे. वादकाच्या पायांना वर्षानुवर्षं पाठ असलेलं सगळं तसंच आहे आणि गाणं मात्र अनोळखी प्रदेशात शिरलं आहे.

आपल्याला यात परकं असं काही नाही. मारवा गायचा तर पंचमाला लावलेली तंबोऱ्याची तार निषादाला लावतात, मालकंसाला मध्यमाला. आणि मैफलीत एका रागातून दुसऱ्या रागाकडे जाताना खुंटीवर हात जातो तेव्हाच जाणकार श्रोते पुढच्या रागाचा अंदाज बांधू लागतात. सतारीच्या तरफा रागागणिक लावायच्याच असतात. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा तर हवाईच्या त्याच आडव्या गिटारच्या वंशातली, आणि तिच्याही तरफा राग बदलला की बदलतात. तंबोऱ्यात तार एकदा लावली की तो राग संपेपर्यंत ती तशीच राहते. पेडल स्टीलवर उतरवलेली तार पुन्हा पेडलाच्या ताब्यात जाते, आणि तिथे तिचा खरा कस लागतो.

तो कसा, ते सेंटच्या हिशेबाने पाहण्यासारखं आहे. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, हे पियानोचं माप. स्टीलवादक मात्र बहुधा गंधार पियानोपेक्षा उतरता लावतात, कारण षड्जाशी तो तसाच गोड लागतो. निसर्गतः जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर, मध्यम ४९८ वर. म्हणजे गंधारापासून मध्यमापर्यंत पेडलाला ११२ सेंट चढायचं असतं, आणि त्याची ओढ तेवढीच बांधलेली असते. कोमल गंधाराची गोड जागा ३१६ वर. तिथून शुद्ध गंधार फक्त ७० सेंट दूर. शिवाय उतरवलेली तार सैल असते. गंधार कोमल केल्यावर तिचा ताण साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो आणि सैल तार तेवढ्याच ओढीने जास्त चढते. तेच पेडल आता तिला सुमारे १२० सेंट वर नेईल. जायचं होतं ३८६ वर, पोचली ४३६ वर. पन्नास सेंट जास्त, कानाला टोचेल इतकी बेसूर.

मग दोन मार्ग. गिटारच्या उजव्या टोकाला प्रत्येक ओढदांडीचं एक छोटं नायलॉनचं नट असतं. ते फिरवून ओढ कमी करायची. पण मग पुढच्या गाण्याला मध्यम खाली राहणार आणि सगळं पुन्हा लावावं लागणार. दुसरा मार्ग पायाचा. पेडल तळापर्यंत न दाबता वाटेतच, कानाने जागा सापडेल तिथे, थांबवायचं. निम्म्यावर पेडल धरणं चांगल्या वादकांना येतंच, पण इथे अडवायला खाली काही नसतं. एरवी पेडल तळाला लागलं की स्वर आपोआप बरोबर येतो. आता पाय गायकाच्या गळ्यासारखा स्वतः स्वर शोधतो. मला हा मार्ग फार आवडतो. शुद्ध गंधाराकडे जाणारी ती वाट मग कधीच दोनदा सारखी येत नाही. वादक कधी थोडा अलीकडे थबकतो, तिथेच क्षणभर डोलतो आणि मग वर जातो.

रंगमंचावर हे घाईघाईत होतं, आणि आवाज न करता. उजवा पाय व्हॉल्यूमचं पेडल मिटतो, नजर ट्यूनरच्या दिव्यावर, डावा हात खुंटीवर. उतरवताना तार आधी हव्या त्या स्वराच्या किंचित खाली नेऊन मग वर आणतात, नाहीतर खुंट्यांजवळच्या आधाराशी अडकलेला ताण गाण्याच्या मध्यात सुटतो आणि तार आणखी उतरते. एका तारेचा ताण बदलला की लाकडी अंगावरचा एकूण ताणही बदलतो, त्यामुळे शेजारच्या तारा एखाददुसऱ्या सेंटने हलतात. दहा तारांचा ताण सांभाळत पेडल दाबतानाही हे अंग थोडं वाकतच असतं. असा सगळा खटाटोप, आणि तोही एका गाण्यासाठी.

खटाटोप टाळायचा सोपा मार्ग म्हणजे आणखी एक लिव्हर बसवणं. गिटार बांधणारे ती आनंदाने बसवून देतात, आणि रोज रात्री चाळीस गाणी वाजवणाऱ्याला त्यात सोय आहे हेही खरं. बारा तारांची युनिव्हर्सल गिटार तर याच विचाराची. एक लिव्हर ढकलून अडकवून ठेवली की ई नाइन्थची बी सिक्स्थ होते, सबंध वाद्य एका खटक्यात दुसऱ्या गावाला जातं. ती कारागिरी मी मनापासून वाखाणतो. तरी मला वाटतं, कायम हाताशी असलेला स्वर वादक लवकरच सगळीकडे वापरू लागतो. गाण्याला गरज असो नसो, गुडघा तिकडे वळतोच. खुंटीने एका गाण्यापुरता उतरवलेला स्वर दुसऱ्या गाण्यात शिरूच शकत नाही, म्हणून त्या एका गाण्यात तो इतका खुलून दिसतो.

यातली सर्वांत बारीक निवड दोन गंधारांपैकी कोणता उतरवायचा ही असते. दोन्ही उतरवायलाच हवेत असं नाही. फक्त तिसरी तार कोमल केली आणि सहावी तशीच ठेवली, तर बार एकाच पडद्यावर असताना तिसरी, चौथी, पाचवी मिळून मायनर बोलतात आणि चौथी, पाचवी, सहावी मिळून मेजर. तिसरी तार अवघी अकरा-हजारांश इंचाची, सगळ्यात आधी तुटणारी. ती उतरवण्यात तिचं आयुष्यही वाढतं. आता गाण्याची पहिली ओळ तिसरी-चौथी-पाचवीवर मायनरमध्ये वाजवायची, आणि जिथे शब्द जरा निवळतील तिथे डावा हात न हलवता उजव्या हाताची बोटं एक तार खाली सरकवायची. एक काळजी मात्र घ्यावी लागते. वरचा कोमल आणि खालचा शुद्ध गंधार एकाच वेळी वाजत राहिले तर ते भांडतात. म्हणून सहावी छेडण्याआधी उजव्या तळव्याची कड तिसरीवर टेकवून तिला गप्प करावं लागतं, आणि तेही इतकं वेळेवर, की चौथी आणि पाचवी मध्ये तुटता कामा नयेत.